मेर्लोची जुनी बाटली आणि आपला मे महिना
भाऊ, जावयाने आणलेली २००५ ची सेंट-एमिलियन (फ्रान्सच्या बोर्डोकडची, मुख्यतः मेर्लो द्राक्षाची लाल वाईन) मुरवायला धान्याच्या कोठीत ठेवू का, असं विचारलंत. नका ठेवू बाप्पा! या वाईनला १२-१४ अंशांचा स्थिर गारवा लागतो. आमच्या यवतमाळकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, कोठीतही दुपारी अंग भाजतं. त्या उष्णतेने वाईन मुरत नाही, शिजते. फ्रिज आदर्श नाही, पण आपल्याकडे तोच बरा. बाटली आडवी ठेवा, म्हणजे बूच ओलं राहील.

वाईन 'जितकी जुनी तितकी भारी' असं काही जण म्हणतात, ते काही पटलं नाही. बहुतेक मेर्लो चार-पाच वर्षांतच प्यायच्या असतात. सेंट-एमिलियन किंवा तिच्या शेजारच्या पोमरोल भागासारख्या ठिकाणच्या चांगल्या बाटल्याच वीस-तीस वर्षं तग धरतात.

माझ्या अशाच एका बाटलीचं बूच अर्ध्यात तुटलं. शेवटी मलमलीतून गाळली, घरचे म्हणाले ताक गाळतोय का! पांढऱ्या ताटावर ग्लास तिरपा धरला, तर मधे डाळिंबी आणि कडेला विटेसारखा रंग. आधी वास सुकलेल्या आलुबुखाराचा, मग तंबाखू, चामडं, आणि पहिल्या पावसानंतरच्या काळ्या मातीच्या जवळ जाणारं काहीतरी. तुरटपणा पार मऊ झालेला. टॅनिनचे, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट घटकाचे, कण वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून गाळ होऊन तळाशी बसतात ना, म्हणून.

तेव्हा उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा. ओतताना मानेमागे टॉर्च धरा, गाळ दिसला की थांबा. आणि तासन्‌तास उघडी ठेवू नका, जुनीचा वास लवकर उडतो. सोबत सावजी मात्र नको, तिखटापुढे काहीच कळणार नाही.