लेक्सने दिलेला ट्रक परत करायला लावला ते बरोबर की चूक (आणि बाकी स्मॉलव्हिल)

कंदीलवाला:
काल एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "स्मॉलव्हिल म्हणजे सुपरमॅनच्या नावाखाली खपवलेली सासू-सुनेची मालिका, दहा सीझन झाले तरी गडी उडत नाही." खाली लोक दात काढतायत. उत्तर द्यायचं नाही असं ठरवून आडवा झालो, पण झोप येईना, म्हणून हा वेगळा धागा.

अरे बाबांनो, उडत नाही हाच तर मुद्दा आहे! मालिका काढणाऱ्या गॉफ आणि मिलरने आधीच ठरवलं होतं, तो पोशाख नाही आणि उड्डाण नाही. ऑक्टोबर 2001 ते मे 2011, 217 भाग, एवढा वेळ क्लार्क केंट नावाचा पोरगा, म्हणजे पुढचा सुपरमॅन, आपण कोण आहोत हे शोधतोय. उडणारा पाहिजे तर जुन्या सिनेमांतला क्रिस्टोफर रीव्हचा सुपरमॅन आहेच की. आणि तोच रीव्ह दुसऱ्या सीझनला व्हीलचेअरवर बसून क्लार्कला तू कुठून आलास ते सांगतो, ते बघून ज्याच्या घशाला काही झालं नाही त्याने खुशाल सासू-सून म्हणावं. शिवाय क्लार्कचा मित्र लेक्स लूथर! हे दोघं पुढे एकमेकांच्या जिवावर उठणार हे पहिल्या भागापासून माहीत असतं, तरी दर वेळी वाटतं की आज सांगून टाक रे त्याला सगळं.

पाटपाणी:
रीव्हचं नाव काढून इमोशनल करू नका, तो सीन चांगलाय, मान्य. बाकीच्या भागांचं काय? दर आठवड्याला उल्केच्या दगडाने कुणीतरी बिघडतो, क्लार्क त्याला भिंतीवर आपटतो, पुढच्या आठवड्याला नवा. त्या शाळेतली निम्मी पोरं खुनी निघाली, आणि एकही पालक दाखला काढून दुसऱ्या गावाला जात नाही? आणि क्लार्कला आवडणारी ती लाना. क्लार्क कोठारात, लाना दारात, "तू माझ्यापासून काहीतरी लपवतोयस", "नाही लाना". सात वर्षं हेच. सासू-सून म्हणणाऱ्याने उलट कौतुक केलंय.

आणि उडत नाही म्हणता, चौथ्या सीझनच्या पहिल्याच भागात उडतो की! फक्त तेव्हा तो स्वतःच्या भानावर नसतो, म्हणजे नियमही पाळला आणि पब्लिकही खूश.

अर्धा_चहा:
आमच्या होस्टेलच्या लॅनवर सहावा सीझन कुणाकडेच नव्हता. पाचव्यावरून थेट सातव्यावर गेलो, कुणाच्या लक्षातही आलं नाही. एवढंच सांगायचं होतं.

तिसरा_बेंच:
मला लानाचं घेणंदेणं नाही. सगळ्याच्या मुळाशी क्लार्कचा बाप जोनाथन केंट आहे आणि त्याला कुणी बोलत नाही. पहिला भाग आठवा. लेक्सची गाडी पुलावरून नदीत जाते, क्लार्क त्याला बाहेर काढतो, लेक्स आभार म्हणून लाल ट्रक पाठवतो. जीव वाचवला राव, ट्रक तर दिला! आणि बाप म्हणतो परत कर. का, तर लूथरांचा पैसा. बरं, तो पैसा लेक्सच्या बापाच्या, लायोनेलच्या पापाचा, यात लेक्सचा काय दोष? एकवीस-बावीस वर्षांचं पोरगं, बाप असला, गावात एकच मित्र मिळाला आणि त्या मित्राचा बाप याच्याकडे चोर असल्यासारखा बघतो. मग नाही बिघडणार? लेक्सला लायोनेलने अर्धा बिघडवला आणि उरलेला केंटांच्या ताठ्याने.

बांधावरची:
ट्रक का परत करायला लावला ते त्याच सीनमध्ये सांगितलंय, तेवढं बरं विसरलात. लायोनेलने आधी शेजारच्या शेतकऱ्यांना अशाच भारी भेटी पाठवल्या, मग जमिनी लिहून घेतल्या, मग शब्द फिरवून त्यांनाच बाहेर काढलं. हे त्या मालिकेतल्या कॅन्ससमध्येच होतं असं नाही. आमच्या गावात एकजण माझ्या चुलत्यांकडे आधी दिवाळीची मिठाई घेऊन आला, मग मोबाईल, मग चुलतभावाला मोटरसायकल. तीन वर्षांत सातबाऱ्यावरचं नाव गेलं. आमच्याकडेही मोटरसायकल आली होती, वडिलांनी किल्लीला हात न लावता परत धाडली. भाऊ सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हता. आज बांधाच्या अलीकडे आमचा ऊस आहे आणि पलीकडे प्लॉटचे दगड. ताठा म्हणे.

तिसरा_बेंच:
ताई, तुमच्या वडिलांबद्दल मी बोललो नाहीये. पण गोष्टीच सांगायच्या तर माझी ऐका. बारावीनंतर फी भरायची होती, वडिलांचा जुना मित्र पैसे घेऊन दारात आला, ना व्याज ना कागद. वडील म्हणाले आम्ही कुणाचं घेत नाही. फी भरली गेली, आईच्या बांगड्या मोडून. ताठा बापाचा, बांगड्या आईच्या. केंटांकडे वेगळं काय आहे? दुसऱ्या सीझनला क्लार्कची आई मार्था त्याच लायोनेलकडे नोकरीला जाते, कारण तत्त्वांवर शेत चालत नाही, आणि हा वर तिच्यावरच फुगून बसतो.

बांधावरची:
दारात आलेला मित्र आणि दारात आलेला लूथर यातला फरक कळत नसेल तर बोलणंच खुंटलं. शेत कसलंय का कधी? की फक्त खाल्लंय?

तिसरा_बेंच:
झालं, आली ती लाइन. आता शेतकऱ्याच्या पोरानेच मालिका बघायची असा नियम करा.

पाटपाणी:
लाना राहिली बाजूला, इथे सातबारा निघाला 😂

कंदीलवाला:
जरा दमाने घ्या दोघं. तिसरा_बेंच, लेक्स एवढा गरीब बिचारा होता तर ती खोली कशाची? तिसऱ्या सीझनच्या शेवटी क्लार्कला कळतं की लेक्सच्या वाड्यात अख्खी खोली आहे, क्लार्कच्याच चौकशीची, पुलावरच्या त्या चुरगळलेल्या गाडीसकट. मित्र अशी खोली करतो? जोनाथनला उगाच वास नव्हता येत.

तिसरा_बेंच:
खोली आहे, मान्य. पण का आहे? गाडीने धडकून पुलावरून खाली पाडलेला पोरगा ठणठणीत उभा आणि वर म्हणतो तू मला धडकलाच नाहीस. तोंडावर खोटं बोलल्यावर माणूस शोधणारच.

अर्धा_चहा:
सातव्यानंतर लेक्सचं काम करणारा रोझेनबाम सोडून गेला आणि लेक्सशिवाय तीन सीझन ओढले, त्यावर कुणी का भांडत नाही? शेवटच्या भागात आला तेवढाच. आणि दहा वर्षं वाट बघून पूर्ण सूट मिळाला तो लांबून, कॉम्प्युटरवर काढलेला. क्लार्क झालेल्या वेलिंगने शर्ट फाडला तेवढ्यावर भागवायचं. सहावा सीझन चुकला ते चांगलंच झालं.

कंदीलवाला:
शेवटाबद्दल माझ्याकडे उत्तर नाही. तो विषय नको.

बांधावरची:
जोनाथनबद्दल एकच. शंभराव्या भागात निवडणूक जिंकलेल्या रात्री तो जातो, ते हृदय दुबळं झालेलं असतं ते क्लार्कला घरी आणायला स्वतः त्याच्यासारखी शक्ती अंगावर घेतली म्हणून. ताठ्यापायी पोराचं नुकसान करणारा बाप हे करत नाही. मार्थाचं मात्र बरोबर आहे, तिचं कुणी ऐकत नाही त्या घरात. आणि बांगड्यांचंही. घ्या, दोन दिले.

तिसरा_बेंच:
भीक नको, पण घेतले. भाऊ बोलायला लागला का शेवटी?

बांधावरची:
नोकरी लागल्यावर स्वतः घेतली मोटरसायकल. वडील अजून मागे बसत नाहीत. म्हणतात, फार जोरात चालवतो.

पाटपाणी:
आता तरी लानावर येऊया का?