गच्चीवरच्या रास्पबेरी पायवरून सॅम्पल्स (सिग्नलची मोजमापं) खाली लॅपटॉपवर येतच नाहीयेत, ग्नू रेडिओ

गच्चीकर:
मंडळी, गच्चीवर रास्पबेरी पाय ३ ला (छोटा कॉम्प्युटर) आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबी रेडिओ रिसीव्हर) लावलाय, मेटिओर उपग्रहाचे फोटो घ्यायचेत १३७.९ मेगाहर्ट्झवर. दोन्हीकडे ग्नू रेडिओ (ब्लॉक जोडून सिग्नलवर काम करायचं सॉफ्टवेअर). पायवरच्या फ्लोग्राफमध्ये (ब्लॉकच्या साखळीत) शेवटी झेडएमक्यू पब सिंक (नेटवर्कवर डेटा पाठवणारा ब्लॉक), खाली लॅपटॉपवर तो घेणारा सब सोर्स, आणि वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारी खिडकी) काळाठिक्कर. एररपण नाही. सॅम्पल रेट २.४ एमएस (सेकंदाला २४ लाख सॅम्पल्स). ॲड्रेस दोन्हीकडे सेम टाकलाय, १२७.०.०.१ पोर्ट ५५५५. अख्खा रविवार गेला, आई म्हणते निदान कपड्यांची दोरी तरी मोकळी कर.

खरखर:
अरे १२७.०.०.१ म्हणजे ज्याचा तो स्वतःच! पाय स्वतःशीच बडबडतोय आणि लॅपटॉप स्वतःच्याच दाराला कान लावून बसलाय. सिंकमध्ये आयपीच्या जागी स्टार टाक, सोर्समध्ये पायचा खरा आयपी, पोर्ट राहू दे तोच. पबला कोणी ऐकतंय का नाही याचं काही देणंघेणं नसतं, म्हणून एरर नाही.

डेसिमेटर:
ते केलं तरी २.४ जाणार नाही. ग्नू रेडिओत एक सॅम्पल म्हणजे कॉम्प्लेक्स फ्लोट, ८ बाइट, म्हणजे सेकंदाला १९.२ एमबी, १५० एमबीपीएसच्या (मेगाबिट) वर, आणि पाय ३ चं लॅन पोर्टच १०० एमबीपीएसचं आहे, वायफाय तर स्लॅबमधून विसरच. मेटिओरचा सिग्नल ७२ हजार सिम्बॉलचा, त्याला एवढं लागतं कशाला? १ एमएसवर घे, पायवरच ४ ने डेसिमेट कर (चारातलं एकच सॅम्पल ठेव, म्हणजे २५० के), १६ एमबीपीएसमध्ये काम होतं. आणि पब-सबमध्ये लॅपटॉप मागे पडला की सॅम्पल्स गुपचूप टाकून देतात हं. पुश-पुल (झेडएमक्यूचीच दुसरी जोडी) लावलंस तर ते थांबून राहतं, मग डोंगलच्या बाजूला टर्मिनलवर ओ ओ ओ (ओव्हरफ्लो) छापत सुटेल. निदान कळतं तरी.

खरखर:
एवढा खटाटोप नको असेल तर सरळ आरटीएल-टीसीपी (डोंगलचा डेटा नेटवर्कवर पाठवणारा प्रोग्राम) चालव, पोर्ट १२३४. ते कच्चे ८ बिटच पाठवतं, २.४ ला पण ३८ च्या आसपास एमबीपीएस.

वायरमन:
यूडीपी सिंक का नाही वापरत कोणी? सोप्पं आहे.

डेसिमेटर:
सोपं आहे, पण पॅकेट हरवलं की हरवलं, परत कोणी पाठवत नाही. वापरायचंच तर पेलोड (पॅकेटमधला आपला डेटा) १४७२ बाइटच्या वर नेऊ नका, पॅकेटच्या १५०० मधून हेडरचे २८ गेले.

गच्चीकर:
चाललं!! स्टार, पुश-पुल, २५० के. एक थ्रॉटल ब्लॉकपण (वेग मुद्दाम रोखणारा) राहिला होता मध्ये, हार्डवेअर असताना तो कशाला, काढला. आज सकाळच्या पासमध्ये (उपग्रह वरून जाताना) फोटो आला, खालचा भाग गेलाय पण तेव्हा उपग्रह पाण्याच्या टाकीमागे होता, ते नेटवर्कचं नाही. दोरी अजून माझ्याकडेच आहे.