‘वाचता येत नाही ते लावू नका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

अंबडची केमिस्ट
काल इथे पोस्ट फिरत होती: “डबीवरचं जे नाव वाचता येत नाही ते चेहऱ्याला लावू नका, नैसर्गिकच घ्या.” खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मी सौंदर्यप्रसाधनांच्या कारखान्यात क्वालिटीला आहे, गप्प बसवत नाही.

‘कोकोस न्युसिफेरा ऑइल’ म्हणजे आपलं खोबरेल. ‘टोकोफेरॉल’ म्हणजे ई जीवनसत्त्व. उलट ‘फ्रेग्रन्स’ हा शब्द सगळ्यांना वाचता येतो आणि त्या एका शब्दाखाली डझनावारी घटक झाकले जातात.

नाव सोडा, क्रम बघा. घटक जास्त प्रमाणाकडून कमीकडे लिहावे लागतात. एक टक्का आणि त्याखालचे मात्र नंतर कसेही लिहिलेले चालतात. कॉलेज रोडच्या दुकानात परवा हिरवीगार कोरफड जेल हातात घेतली. पुढे भलंमोठं पान, ‘शुद्ध नैसर्गिक’. मागे बारीक अक्षरात पाणी, ग्लिसरीन, कार्बोमर, फिनॉक्सीइथेनॉल, मग कोरफडीचा अर्क, शेवटी सीआय 19140 आणि सीआय 42090. फिनॉक्सीइथेनॉल माल टिकवायला घालतात, ते एक टक्क्यापेक्षा जास्त घालता येत नाही. म्हणजे त्याच्या मागे आलेली कोरफड एक टक्क्याच्या आतच. आणि तो हिरवा रंग शेवटच्या दोघांचा, एक पिवळा, एक निळा. कोरफड सोलून बघा, गर पाण्यासारखा असतो.

साबणवाली, गंगापूर रोड
ताई, तुमचा पगार कारखान्यातून येतो, तुम्ही हेच बोलणार. आमचा बचत गट खोबरेल, एरंडेल आणि कडुनिंबाचा साबण करतो. एकही केमिकल नाही. माझ्या पुतणीच्या हातांना बाजारच्या साबणाने खाज सुटायची, आमच्या साबणाने थांबली. मला एवढा पुरावा पुरे आहे.

अंबडची केमिस्ट
आणि कॉस्टिक सोडा? त्याच्याशिवाय तेलाचा साबण होत नाही.

साबणवाली, गंगापूर रोड
वापरतो ना! पण तो सगळा तेलात खर्ची पडतो. तेल मुद्दाम थोडं जास्त धरतो, वड्या महिनाभर वाळवतो. तयार वडीत कॉस्टिक उरत नाही हे तुम्हाला पक्कं माहीत आहे, तरी लोकांना घाबरवताय.

अंबडची केमिस्ट
उरत नाही, मान्य. मग ‘केमिकल-फ्री’ खोडा. आणि विकता आहात तर परवाना नंबर, बॅच नंबर, मुदत छापा.

पंचवटीकर
परवान्याचं ताई बरोबर बोलल्या. माझ्या वहिनीने एका पार्लरमधून ‘हर्बल’ क्रीम आणलं. डबीवर बॅच नाही, घटक नाहीत, काही नाही. आठवड्यात गोरी झाली, बंद केल्यावर चेहरा लालभडक. डॉक्टर म्हणाले, स्टेरॉइड असणार. तेव्हापासून घरात फक्त द्राक्षबियांचं तेल. ‘नाशिकच्या फवारणीमुक्त द्राक्षांपासून’ असं स्पष्ट लिहिलंय.

निफाडचा बागायतदार
फवारणीमुक्त? ज्याने हे छापलं त्याने एक सीझन बाग धरून दाखवावी. फळासाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लागला की डावणी रोग बघता बघता बाग खातो. सेंद्रियवालेसुद्धा त्यावर बोर्डो मिश्रण मारतात. मोरचूद आणि चुना, दुसरं काय असतं त्यात?

पंचवटीकर
म्हणजे विष मारता हे कबूल केलंत. आम्ही मुलांना ती द्राक्षं मिठाच्या पाण्यात भिजवून देतो ते उगाच नाही.

निफाडचा बागायतदार
विष म्हणताना जपून बोला. युरोपला माल जायचा तर बागेचा नमुना लॅबला जातो. औषधाचा अंश मर्यादेबाहेर निघाला की कंटेनर विसरायचा. शेवटची फवारणी आणि तोडणी यांत किती दिवस सोडायचे ते औषधागणिक ठरलेलं असतं. मणी फुगायला घड जीएत, म्हणजे जिबरेलिक ॲसिडमध्ये, बुडवतो त्यावरूनही आम्हाला बोलता. जीए झाडात स्वतःचं असतं, बाटलीतलं बुरशीपासून काढतात. तुमच्या हिशेबाने तेही नैसर्गिकच! तुम्हाला गालाला लावायच्या तेलाची काळजी. बोर्डो मारणाऱ्या गड्याची मान आणि मनगटं चुन्याने चरचरतात, त्याच्या कातडीवर कुणी धागा काढला?

पंचवटीकर
गड्याला हातमोजे कोण देणार, मी? ते मालकाचं काम आहे.

निफाडचा बागायतदार
देतो. उकाड्यात तो काढून ठेवतो. या एकदा बागेत, मग बोला.

अंबडची केमिस्ट
दादांचा राग रास्त आहे. पण मूळ मुद्दा सुटू नये. त्वचेला घटक कुठून आला याचं काही पडलेलं नसतं. लिंबू नैसर्गिकच आहे, गालावर चोळून उन्हात जा, भाजल्यासारखे डाग पडतात. कुठलंही नवीन आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून दोन दिवस थांबा. घरचं उटणंसुद्धा.

साबणवाली, गंगापूर रोड
रात्री गटात बसून नवीन लेबल लिहिलं: सोडियम कोकोएट, सोडियम कॅस्टोरेट, पाणी, ग्लिसरीन, कडुनिंब तेल. आता सांगा, कोण घेईल? ‘सोडियम’ दिसलं की गिऱ्हाईक वडी खाली ठेवणार. तुम्ही आमच्याशी भांडताय, पण लोकांच्या डोक्यात हे भरलं कालच्या त्या पोस्टवाल्याने.

अंबडची केमिस्ट
हे खरं आहे. खाली मराठीत ‘खोबरेल आणि एरंडेलापासून बनवलेला साबण’ अशी ओळ घाला. कडुनिंब किती आहे?

साबणवाली, गंगापूर रोड
एक टक्का. जास्त घातलं तर वासाने कुणी हातात धरत नाही. ‘केमिकल-फ्री’ काढते, पण वेष्टनावरचं कडुनिंबाचं पान काढणार नाही.

अंबडची केमिस्ट
मग पानाच्या शेजारी ‘एक टक्का’ लिहा.