घाट उतरताना ब्रेक पेडल खाली गेलं. ऑइल की मास्टर सिलेंडर?

मंडळी, मदत हवी आहे. मुलुंडला राहतो, गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, ६८ हजार किमी झालेत.

गेल्या रविवारी आईबाबांना घेऊन महाबळेश्वरहून परतत होतो. पसरणी घाटात पुढे एसटी, तिच्यामागे तिसऱ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवरच ठेवून उतरलो. (दुसरा टाक, असं बाबा दोनदा म्हणाले होते.) पायथ्याशी येता येता पेडल एकदम मऊ पडलं, जवळजवळ तळाला टेकलं. तीन-चारदा भराभर दाबलं तेव्हा गाडी आवरली. चाकांतून जळका वास येत होता. अर्धा तास थांबलो, पेडल पूर्ववत! मुंबईपर्यंत काहीच त्रास नाही.

गॅरेजवाला म्हणतो पॅड निम्मे शिल्लक आहेत, गळती नाही, तरी मास्टर सिलेंडर (पेडलचा जोर ऑइलमधून चाकांकडे ढकलणारा भाग) बदला. साडेसात हजार सांगतोय. सर्व्हिस बुक चाळलं तर ब्रेक ऑइल बदलल्याची एकही नोंद नाही, नुसतं टॉप-अप. पीयूसी वेळेवर काढतो, पण त्यात ब्रेक कोण बघतं?

सिलेंडर गेला असता तर थंड झाल्यावर आपोआप सुधारला असता का? गणपतीला चिपळूणच्या पुढे गावी जायचंय.

प्रतिसाद १
ऑइल उकळलं होतं, दुसरं काही वाटत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यात आपली मुंबईची हवा! डॉट ३ (ब्रेक ऑइलचा एक ग्रेड) नवं असताना २०५ अंशांच्या आत उकळत नाही, पाणी मुरलं की ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. वाफ झाली की पाय तीच दाबत बसतो, चाकापर्यंत जोर पोचत नाही. थंड झालं की वाफेचं पुन्हा ऑइल, म्हणून पेडल परत आलं. बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घ्या, डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं.

सिलेंडरची शंका घरीच फेडा. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखं मिनिटभर दाबून धरा. गळती नसताना हळूहळू खाली सरकलं तर गॅरेजवाला बरोबर.

धागाकर्ता
आत्ताच दीड मिनिट धरलं, जागचं हललं नाही. साडेसात हजार वाचले बहुतेक. ऑइल उद्याच बदलतो. पण चेकनाक्यापर्यंत चक्कर मारून आलो तर पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा बरंच तापलंय, रिमजवळ हात धरवत नाही. कॅलिपर (पॅड चकतीवर दाबणारा भाग) जाम असेल का?

प्रतिसाद २
हो, बहुधा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना अडकल्यात. घाटात ऑइल उकळायला तोच कारण झाला असेल. आधी तो मोकळा करून घ्या, मगच नवं ऑइल भरा.