टूथब्रश उचलून परस्पर डीएनए चाचणी केली, गुन्हा कोणता लागतो?

ऐरोलीकर
कोलशेतच्या घराच्या वाटणीवरून वाद आहे. एका चुलतभावाने दुसऱ्याचा वापरलेला टूथब्रश उचलून खासगी लॅबला कुरियर केला. संमतीपत्रावर त्याची खोटी सही ठोकली. 'पितृवंश जुळत नाही' असा रिपोर्ट आला आणि थेट नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. पोलिसांनी टूथब्रशच्या चोरीची एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून बोळवण केली. जनुकीय माहितीच्या गोपनीयतेसाठी आपल्याकडे थेट कलम आहे का? नसेल तर जोर कशावर द्यावा?

कोर्टनाका
थेट कलम नाही. ब्रिटनच्या ह्यूमन टिश्यू अ‍ॅक्ट 2004 मधलं कलम 45 नेमकं यासाठी आहे. संमतीविना डीएनए तपासायच्या हेतूने कुणाचे केस किंवा लाळ नुसती जवळ बाळगली तरी 3 वर्षांपर्यंत कैद. आपलं 2019 चं डीएनए विधेयक 2023 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यातही रोख मुख्यत्वे डेटा बँकेतून माहिती फोडणाऱ्यावर होता, ब्रश पळवणाऱ्या भावावर नाही.

एनसी झाली ती कायद्याला धरूनच. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या) 303(2) मध्ये 5,000 रुपयांखालची चोरी अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला आणि त्याने वस्तू किंवा किंमत परत केली, तर शिक्षा समाजसेवेची. चाळीस रुपयांच्या ब्रशवर केस उभी करू नका.

जोर खोट्या सहीवर द्या, पण तक्रारीची भाषा सांभाळून. नुसतं 'माझी सही खोटी आहे' लिहिलंत तर प्रकरण त्याच संहितेच्या 336(2), म्हणजे साध्या बनावटीकरणामध्ये जातं, म्हणजे पुन्हा अदखलपात्र. 'खोटी संमती दाखवून लॅबला फसवलं आणि एरवी तिने केली नसती ती चाचणी करवून घेतली' असं लिहिलंत तर 336(3) मागता येतं: फसवणुकीसाठी बनावट दस्तऐवज, 7 वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र आणि अजामीनपात्र. सोबत 340(2), बनावट कागद खरा म्हणून वापरल्याबद्दल.

खाडीपलीकडचा
बदनामी हाच तर हेतू होता. मग 336(4), अब्रू घालवण्यासाठी केलेला बनावट दस्तऐवज, का नको?

कोर्टनाका
त्या कलमात बनावट कागदानेच अब्रू जावी असा हेतू लागतो. इथे बनावट आहे तो संमतीचा फॉर्म, अब्रू घालवतोय तो रिपोर्ट, आणि रिपोर्ट बनावट नाही. बचावाचा वकील पहिल्या तारखेला हेच म्हणेल. ग्रुपवर टाकल्याबद्दल 356 ची बदनामी वेगळी, तीही न्यायदंडाधिकाऱ्यांकडे खासगी तक्रार करून. 'रिपोर्ट खरा आहे' एवढ्याने आरोपी सुटत नाही. सांगण्यात लोकहित होतं हेही त्याला दाखवावं लागतं.

बेलापूर_सायबर
आयटी कायद्याचं 72अ (करार मोडून खासगी माहिती फोडणं) इथे सरसकट लावतात आणि तिथेच फसतात. ते कराराने सेवा देणाऱ्यासाठी आहे, म्हणजे लॅबसाठी, भावासाठी नाही. लॅबवरही 'नुकसान व्हावं या हेतूने किंवा होईल हे माहीत असून' माहिती दिली हे सिद्ध करावं लागतं, आणि खोटी सही पाहून फसलेली लॅब तिथून सहज निसटते. भावाने तुमचा पासवर्ड वापरून रिपोर्ट उतरवला असेल तर मात्र 66क (दुसऱ्याचा पासवर्ड वापरून ओळखचोरी) पक्कं. या कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारीच करतो, उपनिरीक्षकाच्या हाती कागद देऊन परतू नका.

2023 च्या डेटा संरक्षण कायद्यावर आशा ठेवू नका. त्यात कैद नाही, 250 कोटींपर्यंतचा दंड सरकारी तिजोरीत जातो आणि घरगुती कारणासाठी माहिती वापरणारी व्यक्ती त्यातून वगळलेली आहे.

पुराव्याचं आजच करा. ज्या फोनवर रिपोर्ट आला तो विकू नका, फॉरमॅट करू नका. चॅट एक्स्पोर्ट करा, पाठवणाऱ्याचा नंबर आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्या. डिजिटल पुरावा कोर्टात देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63(4) चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचे दोन भाग असतात: भाग अ फोन ताब्यात असलेल्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा सांकेतिक क्रमांक) लागतेच. लोक भाग ब विसरतात.

पिपेट
लॅबला याच आठवड्यात लेखी नोटीस द्या: मूळ फॉर्म, कुरियरची पावती, पैसे भरल्याची नोंद आणि उरलेला नमुना राखून ठेवा. नमुने ठरावीक मुदतीनंतर नष्ट होतात. पुढे तपास अधिकाऱ्याला भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या) 94 खाली हे सगळं मागवता येतं.

रिपोर्टबद्दल: पितृवंश वाय-एसटीआर मार्करवरून पाहतात, म्हणजे वडिलांकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रावरच्या ठरावीक खुणांवरून. टपालाने आलेला ब्रश कुणाचा हे लॅबला ठाऊक नसतं, दोघांनी वापरला असेल तर डीएनए मिसळलेला निघतो, आणि एखादाच मार्कर वेगळा आला तर ते उत्परिवर्तनही (डीएनएमध्ये आपोआप झालेला बदल) असू शकतं. रिपोर्टमध्ये किती मार्कर जुळले नाहीत ते आधी बघा.

कोर्टनाका
आणि वाटणीच्या दाव्यात त्या रिपोर्टने घाबरू नका. वैध विवाह चालू असताना जन्मलेलं मूल औरस (त्या पतीचं कायदेशीर अपत्य), हे साक्ष अधिनियमाचं कलम 116. पती-पत्नीचा त्या काळात संबंध येणंच शक्य नव्हतं हे दाखवल्याशिवाय ते मोडत नाही.

गुन्हा कोलशेतला, ग्रुप ऐरोलीत, म्हणून ठाणे आणि नवी मुंबई आयुक्तालयांनी एकमेकांकडे बोट दाखवलं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 173 खाली झिरो एफआयआर (हद्द कुणाचीही असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा. नकार मिळाला तर उपायुक्तांना लेखी द्या, पोच घ्या. त्या पोचेशिवाय पोलिसांना तपासाचा आदेश द्या असा 175(3) चा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे टिकत नाही, आणि अर्जासोबत शपथपत्रही लागतं.