परसबागेतलं टिकवणं आणि घडवणं : प्रमाणासकट अनुभव लिहा

परसात पिकतं तेव्हा एकदम पिकतं. रातांबे (कोकमाची फळं), कैऱ्या, हळद, घोसाळी, टोमॅटो, सगळ्यांचं असंच. चार दिवसांत खाऊन संपत नाही, वाटूनही उरतं. त्याचं काय करता, हे इथे लिहा. खायचं असो, वापरायचं असो की नुसतं हौसेनं घडवायचं असो. एकच विनंती : 'अंदाजाने मीठ' आणि 'वाळेपर्यंत वाळवा' असं लिहू नका. मीठ किती ग्रॅम, आणि वाळलं हे ओळखायचं कसं, ते लिहा. बिघडलं असेल तर का बिघडलं, तेही. नवशिक्याचा माल बहुतेक वेळा आत राहिलेल्या पाण्यामुळेच जातो, म्हणून ती खूण महत्त्वाची.

सावंतवाडीहून : आमसुलं

रातांबे पूर्ण लाल-जांभळे झालेलेच घ्या. अर्धकच्च्या फळाची साल वाळल्यावर फिकी आणि चिवट होते. धुऊन, पुसून, आडवे दोन भाग करा. बिया गरासकट वेगळ्या भांड्यात काढा. हे भांडं काचेचं, चिनीमातीचं किंवा खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकचं हवं. ॲल्युमिनियम नको, आंबट रस धातूला खातो आणि चवीत उतरतो.

गराच्या रसात किलोला 100 ते 150 ग्रॅम खडेमीठ घालून विरघळवा. साली आधी एक दिवस कडक उन्हात टाका, संध्याकाळी या रसात बुडवून ठेवा, सकाळी निथळून पुन्हा उन्हात. हे पुट पाच-सहा वेळा द्यायचं. दर पुटाला साल काळपट होत जाते. दोन पुटांत उरकलेलं आमसूल दिसायला बरं असतं, पण आमटीत रंगही सोडत नाही आणि आंबटपणाही.

वाळल्याची खूण : साल मुठीत दाबली की गोळा व्हावी, पण हाताला रस लागू नये. कुरकुरीत करू नका. आमसूल मऊच असायला हवं. उरलेला खारट रस गाळला की झालं आगळ. बिया फेकू नका, त्यांचं मुठेल, म्हणजे घट्ट तेल, निघतं आणि भेगाळलेल्या टाचांना तेच लावतात.

बिघडतं ते वळवाच्या पावसानं. दोन दिवस ऊन गेलं तर साली त्याच खारट रसात बुडवून झाकून ठेवा. नुसत्या ताटात पसरून ठेवल्या की तिसऱ्या दिवशी पांढरी बुरशी आलीच.

ठाण्याहून : एक प्रश्न

काका, बाल्कनीत जेमतेम तीन तास ऊन येतं. तेवढ्यावर आमसुलं जमतील का?

सावंतवाडीहून

आमसुलं नकोत, अमृत कोकम करा. एक किलो सालीच्या वाट्यांना दोन किलो साखर. वाट्यांत साखर भरून काचेच्या बरणीत थरावर थर लावा, सर्वांत वर साखरेचाच थर. तोंडाला फडकं बांधून मिळेल तेवढ्या उन्हात ठेवा, रोज कोरड्या हातानं हलवा. साखर पूर्ण विरघळली की गाळा. पूर्ण उन्हात आठेक दिवस लागतात, तुमच्याकडे जास्त लागतील. साखर दीड किलोवर आणलीत तर फसफसण्याची भीती. गोड कमी हवं असेल तर ते पिताना पाणी वाढवून करा, बरणीत नाही.

सांगलीहून : घरच्या चार झाडांची हळद

पानं पिवळी पडून आडवी झाली की खणा. लावणीपासून साधारण आठ-नऊ महिने. (हिरवी असतानाच दोन-चार पानं पातोळ्यांना काढून घ्यायला हरकत नाही.) माती धुऊन गड्डे आणि हळकुंडं वेगळी करा. दोन्ही एकत्र शिजवणं ही पहिली चूक. गड्डा जाड असतो, तो शिजेपर्यंत हळकुंडं गळून जातात.

पातेल्यात हळदीच्या वर दोन-तीन इंच पाणी येईल एवढं घाला. उकळी आल्यावर 45 मिनिटं ते तास. फेस येतो, हळदीचा वास घरभर सुटतो. त्यानंतर बारीक काडी टोचून बघा : जोर न लावता आरपार गेली पाहिजे. कमी शिजली तर मोडल्यावर आत रंग एकसारखा दिसत नाही, कडेला वेगळा आणि मध्ये वेगळा. जास्त शिजली तर रंग मरतो.

मग 10 ते 15 दिवस ऊन. इथे बहुतेकांना वाटतं की जितकं पातळ पसरावं तितकं चांगलं. हळदीला हे लागू नाही. अगदी विरळ पसरली तर उन्हानं रंग उडतो, दोन-तीन इंचाचा थर ठेवून दिवसातून दोनदा वरखाली करा. रात्री झाकायचीच, दव पडलं की पुन्हा ओली. वाळलेलं हळकुंड मोडताना खणकन आवाज येतो. वाकलं किंवा दबलं तर अजून चार दिवस. एक किलो ओल्या हळदीची साधारण 200 ग्रॅम उरते, एवढंच का म्हणून घाबरू नका.

दळताना अख्खं हळकुंड मिक्सरमध्ये टाकू नका, पातं तुटेल. आधी खलबत्त्यात फोडून घ्या. दोन वेळा चाळा.

घाई असेल त्यांनी न शिजवता पातळ चकत्या करून वाळवल्या तरी चालतात. वास थोडा वेगळा, कच्चट राहतो. आमटीत कळत नाही, दुधात कळतो.

साताऱ्याहून : कैरीचं लोणचं, फक्त बुरशीपुरतं

कृती सगळ्यांना येते, म्हणून प्रमाण आणि चुका एवढंच. एक किलो फोडींना मीठ 200 ग्रॅम, मोहरीची डाळ 100, तिखट 75 ते 100, हळद 25, मेथी 15, हिंग 15, तेल 400 मिली. मीठ कढईत गरम करून कोरडं करा. फोडी पुसून फडक्यावर दोन तास फॅनखाली पसरा. चिरल्यानंतर धुवायच्या नाहीत, धुवायची ती अख्खी कैरी.

तेल पूर्ण थंड झाल्यावरच ओता. गरम तेलात फोडी शिजून मऊ पडतात आणि मोहरी चढत नाही, लोणचं तिखट लागतं पण नाकात जात नाही.

पहिले आठ दिवस रोज ढवळा, त्या दिवसांत खाली खार सुटतो आणि वरच्या फोडी कोरड्या राहतात. बुरशी तळाशी येत नाही, तेलाबाहेर डोकावणाऱ्या फोडीवर येते. आठ दिवसांनी तेल बोटभर वर दिसलं नाही तर आणखी गरम करून, गार करून घाला. मीठ 150 ग्रॅमपर्यंत उतरवायचं असेल तर बरणी फ्रिजमध्येच ठेवा.

जळगावहून : जून गिलक्याची घासणी

खानदेशात गिलकं, इतरत्र घोसाळं. वेलीवर लपून राहिलेलं आणि जून झालेलं एखादं असतंच, ते भाजीला फुकट गेलं म्हणून तोडून टाकू नका. वेलीवरच तपकिरी होऊ द्या. हलवल्यावर आत बिया खुळखुळल्या आणि हाताला हलकं लागलं की तोडा.

टोकाची टोपी मोडा, बिया तिथून झटकून काढा. साल उभी चिरत सोला. नीट वाळलेली साल कागदासारखी सुटते. सुटत नसेल तर रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी सोला. नळाखाली पिळून आतला बुळबुळीत भाग काढा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. तो राहिला तर घासणीला वास येतो. दोन दिवस कडक ऊन.

पावसात भिजत राहिलेलं फळ आतून काळं पडतं. तशी चिन्हं असतील तर पिवळं झाल्यावरच तोडून छपराखाली टांगा. धागे थोडे नाजूक मिळतात, अंग घासायला ते उलट बरे. भांड्यांना पूर्ण जून झालेलंच हवं. चार इंचाचे तुकडे करा, एका टोकाला सुतळीचा फास शिवा आणि वापरल्यावर टांगून ठेवा. साबणाच्या ताटलीत पडून राहिली की आठवड्यात कुजते. दोडक्यालाही जाळी असते, पण ती बारीक आणि खरखरीत. कढईला ठीक, काचेच्या भांड्यांना नको.

न्यू जर्सीहून : ऑगस्टमधले टोमॅटो

इथे मागच्या अंगणात सहा झाडं असली तरी ऑगस्टअखेर पाट्या भरतात. बरण्यांत भरून वर्षभर ठेवायचे तर दोन गोष्टींत तडजोड नको.

एक, आंबटपणा. टोमॅटो आंबट लागला तरी त्याचा पीएच (आंबटपणाचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या आसपास असतो, आणि त्याच्या वर बोट्युलिझमचा, म्हणजे जीवघेण्या अन्नविषबाधेचा, जंतू बंद बरणीत वाढू शकतो. म्हणून प्रत्येक क्वार्ट (साधारण 950 मिली) बरणीत दोन मोठे चमचे बाटलीतला लिंबूरस किंवा अर्धा लहान चमचा सायट्रिक ॲसिड. पाइंटला (अर्ध्या क्वार्टला) याच्या निम्मं. ताजं लिंबू नको, त्याची आंबटाई फळागणिक बदलते.

दोन, वेळ. साल काढून ठेचलेले, उकळलेले टोमॅटो गरम असतानाच भरा, वर अर्धा इंच जागा सोडा, काठ पुसा. उकळत्या पाण्यात बुडवून पाइंटला 35 मिनिटं, क्वार्टला 45. हे 1000 फुटांपर्यंतच्या उंचीसाठी, वर राहणाऱ्यांना वेळ वाढवावी लागते. गार झाल्यावर झाकणाचा मधला भाग दाबून टिक्‌ वाजलं तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून लवकर संपवा.

कांदा, मिरची, लसूण घालून 'तयार ग्रेव्ही' अशी भरू नका, आंबटपणा उतरतो. ग्रेव्ही करायची तर फ्रीझरमध्ये. भेंडी आणि मटारही फ्रीझरमध्येच : छोटी भेंडी उकळत्या पाण्यात 3 मिनिटं, मटार दीड मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात, मग फडक्यावर पूर्ण कोरडं करून पिशवीत. आपला भारतीय कुकर या बरण्यांसाठी चालत नाही. तो लवकर तापतो आणि लवकर निवतो, त्या वेळा त्यासाठी मोजलेल्या नाहीत.

पुण्याहून : दसऱ्यानंतरचा झेंडू

दाराची तोरणं उतरली की पाकळ्या खुडून सावलीत वाळवा, देठाकडचा हिरवा भाग टाका. त्यांनी सुती कापड सुंदर पिवळं रंगतं. फक्त सुताला रंग नुसता धरत नाही, आधी तयारी लागते, आणि सगळ्यांचं चुकतं ते तिथेच.

कोरड्या कापडाचं वजन करा, पुढची सगळी मापं त्यावर. कापड 200 ग्रॅम असेल तर ते धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात तासभर उकळा. नवं कापड असेल तर पाणी चहासारखं होतं, ती खळ. मग 40 ग्रॅम हिरडापूड कोमट पाण्यात कालवून त्यात रात्रभर. सकाळी पिळून, न धुता, 30 ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात दोन तास. आता हलकं धुवा.

ताज्या पाकळ्या 400 ग्रॅम, वाळलेल्या असतील तर 100. पाऊण तास मंद आचेवर, खदखदू देऊ नका, रंग मळकट होतो. गाळा, ओलंच कापड सोडा, आणखी पाऊण तास मंद आच, तसंच गार होऊ द्या. सावलीत वाळवा.

डाग पडले तर कापड कोरडं टाकलं होतं किंवा भांडं लहान होतं, कापडाला मोकळं फिरता आलं पाहिजे. पहिल्या धुण्यात रंग गेला तर हिरडा किंवा तुरटी वगळली होती. मेंदीसारखा हिरवट रंग हवा असेल तर गंजके खिळे आठवडाभर व्हिनेगरमध्ये ठेवा, त्यातलं दोन चमचे पाणी बादलीभर पाण्यात घालून रंगलेलं कापड पाच मिनिटं बुडवा. जास्त वेळ नको, लोखंड सूत खातं. भांडं यासाठी वेगळं ठेवा, पुन्हा स्वयंपाकात नको.

कांद्याच्या साली हीच रीत मानतात, कापडाच्या निम्म्या वजनाच्या घ्या. नारिंगी-तपकिरी येतो.

अमरावतीहून : बी राखणं

वरच्या गिलक्याच्या काळ्या बिया फेकू नका. सावलीत आठ दिवस वाळवा, मग चुलीची चाळलेली, पूर्ण गार झालेली राख आणि बिया थराथरानं काचेच्या बरणीत. वालाचं बी दाताखाली धरा : दबलं तर ओलं, कटकन तुटलं तर भरायला तयार. भोपळ्याच्या बियांचा गर चोळून धुवायलाच हवा, नाहीतर बुरशी तिथून सुरू होते. आणि पहिली चांगली फळं बियाण्यासाठी वेलीवर आधीच दोरा बांधून राखून ठेवा. शेवटी उरलेलं, किडकं फळ बियाण्याला ठेवू नका.