समुपदेशन केंद्राच्या फॉर्मवर घरच्यांचा नंबर द्यावाच लागतो का? उद्या ११ ला जायचंय

पाऊलवाट (शुक्रवार, रात्री ९.४२)
ठाण्यात एका संस्थेचं कमी पैशातलं समुपदेशन केंद्र आहे. पाच आठवडे थांबून नंबर लागलाय, उद्या सकाळी ११ ची वेळ. फॉर्म भरून आणायला सांगितलाय आणि मी एका रकान्यावर अडकलेय. "तातडीच्या प्रसंगी संपर्क: नाव, नाते, मोबाईल." घरच्या कोणाचाही नंबर द्यायचा नाहीये. रिकामा सोडला तर परत पाठवतात का? चुकीचा लिहिला तर कळतं का? ज्यांनी असा फॉर्म भरलाय त्यांनी सांगा. घरी बोलून बघ वगैरे नको, प्लीज.

कोपरीकर (९.५५)
कोणासाठी जाताय? मुलासाठी असेल तर पालकांचा नंबर लागणारच, १८ च्या आतल्यांना पालकांना विचारल्याशिवाय घेत नाहीत. माझ्या भाच्याच्या वेळी हाच अनुभव. मूल कितवीत आहे?

मधुमालती_५८ (१०.०३)
बाळा, एकदा विपश्यनेला जाऊन ये. इगतपुरीला दहा दिवस, राहणं-जेवण मोफत, शेवटी वाटलं तर दान द्यायचं. ह्यांना बायपासनंतर झोप लागत नव्हती, तिथून आले ते वेगळेच होऊन आले. कोणाला काही सांगायला नको, विचारायला नको.

उपवनवाला (१०.०९)
मावशी, तिथल्या अर्जातही मानसिक त्रास आणि चालू औषधं विचारतात. त्रास जास्त असेल तर येऊ नका म्हणतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.
पाऊलवाट, त्रास काय ते तुम्ही लिहिलंच नाही. झोप, भूक, कधीपासून? माझं मत सरळ आहे, आधी सायकिअ‍ॅट्रिस्ट. अशा केंद्रांत बरेचदा एमए करणारी मुलं बसतात, त्यांना औषध लिहिता येत नाही. नेरूळला डी. वाय. पाटीलच्या हॉस्पिटलात मानसोपचाराची ओपीडी आहे, केस पेपर काढा. मी दीड वर्ष नुसता बोलत होतो, खासगीत एका वेळचे दीड हजार. गोळी सुरू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा सलग सहा तास झोपलो.

पाऊलवाट (१०.२१)
मुलासाठी नाही, माझ्यासाठी. वय ३४. लिहायचं राहून गेलं. औषधाचं विचारलेलं नाही, नंबरचं विचारलंय.
बाबा फेब्रुवारीत गेले. आता घरात मी आणि आई, ऐरोलीला. आई आत्ता कुठे भाजी आणायला खाली उतरायला लागलीये. मी कुठे जाते हे तिला कळलं तर परत तेच सुरू होईल, बाबांना हॉस्पिटलात न्यायला माझ्यामुळे उशीर झाला म्हणून. ताईचं नाव लिहिलं होतं. पण ताईला सांगितलं की पाच मिनिटांत आईला फोन. खोडलं. दोनदा लिहून दोनदा खोडलं, आता त्या चौकटीत कागद इतका झिजलाय की मागच्या पानावरची अक्षरं दिसतायत.

कासारवडवली (१०.३४)
मी अशाच एका केंद्रात आठवड्यातून एक दिवस समुपदेशक म्हणून बसते. तुमच्या केंद्राचे नियम थोडे वेगळे असू शकतील. चुकीचा नंबर देऊ नका. आमच्याकडे तो दोनच वेळी वापरला जातो: समोरची व्यक्ती खोलीत चक्कर येऊन पडली तर, किंवा तिच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर. वेळ चुकली, फी राहिली म्हणून कोणी घरी फोन करत नाही. आणि नातं रक्ताचं लागत नाही. मैत्रीण, शेजारीण, ऑफिसातलं कोणी चालतं, फक्त त्यांना आधी विचारा. उद्या गेल्या गेल्या सांगा, "घरी कळू द्यायचं नाही, फोन फक्त माझ्या मोबाईलवर करा", आणि ते फॉर्मवर लिहून द्या.
आणखी एक सांगते, कारण ह्याच गोष्टीने दुखावून माणसं परत येत नाहीत. पहिल्या दिवशी जी व्यक्ती तासभर ऐकून घेते तीच पुढे मिळेल असं नाही. बऱ्याच ठिकाणी पहिली भेट माहिती घेण्यासाठी असते, मग कोणाकडे सोपवायचं ते ठरतं. माणूस जीव ओतून सगळं बोलतो आणि पुढच्या आठवड्यात समोर नवीन चेहरा. म्हणून बसल्या बसल्या विचारा, पुढे तुम्हीच असणार का.

उपवनवाला (१०.४१)
हेच म्हणत होतो. मला मिळालेल्या मुलीने तिसऱ्या वेळी माझे वडील काय करतात ते परत विचारलं. ते वारलेत हे मी पहिल्याच दिवशी रडत सांगितलं होतं.

कासारवडवली (१०.५२)
हे व्हायला नको होतं, खरंच वाईट वाटलं. शिकाऊंच्या वर अनुभवी व्यक्ती असते, नाव न घेता केसवर चर्चा होते, नोंदी ठेवायच्या असतात. ते नीट होत नसेल तर समुपदेशक बदलून मागायचा तुम्हाला हक्क आहे. पण वडील गेलेल्या प्रत्येकाला आधी गोळीच हवी असं नाही. पाऊलवाट, झोप आणि भूक पूर्ण गेली असेल तर मात्र डॉक्टरांनाही दाखवा, थायरॉइड तपासून घ्या. दोन्ही एकदम करता येतं.

वाशी_सेक्टर_९ (१०.५८)
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू २९ मे २०१८ पासून. कलम २३ वाचा, गोपनीयता हा हक्क आहे. कलम १४ प्रमाणे कोणाही सज्ञान व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमता येतं, नातेवाईकच हवा असं नाही. त्या व्यक्तीची लेखी तयारी लागते.

कासारवडवली (११.०४)
कलम १४ आजारावरच्या उपचारांसंबंधीचे निर्णय घेण्यासाठी आहे. ह्या रकान्याशी त्याची गल्लत नको, त्या उगाच घाबरतील.

कोपरीकर (११.१०)
पण इतकं लपवायचं कशाला म्हणतो मी? तुम्ही काही ठाण्याच्या मोठ्या मेंटल हॉस्पिटलात चालला नाहीत.

तलावपाळी (११.२६)
कोपरीकर, हे वाक्य मागे घ्या. "ह्याला ठाण्याला पाठवा" हे ऐकतच मी मोठी झाले. माझी आई तिथे परिचारिका होती, सत्तावीस वर्षं. ते १९०१ पासूनचं हॉस्पिटल आहे, आणि तिथेही ओपीडीत रोज साधी, नोकरी करणारी माणसं रांगेत उभी असतात. आई ड्यूटीवरून आली की तिच्या पर्समध्ये एका म्हाताऱ्या पेशंटने दिलेली बोगनवेलीची फुलं असायची, चुरगळलेली. ती टाकायची नाही, पुस्तकात ठेवायची. शाळेत मात्र आई कुठे नोकरी करते हे मी कधी सांगितलं नाही, अजून सलतं ते. तुमच्यासारख्या बोलण्यामुळेच पाऊलवाटला आज नंबर लपवावासा वाटतोय.

कोपरीकर (११.३१)
चुकलं माझं. तसं म्हणायचं नव्हतं.

मधुमालती_५८ (११.३८)
अगं पाऊलवाट, जेवलीस का? आणि विपश्यनेचं नुसतं मनात असू दे.

निळाई (११.४५)
रात्री फार जड झालं तर १४४१६ लाव. टेली मानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. नाव सांगायची गरज नाही. बाबा गेले तेव्हा मी पहाटे चारला लावला होता, बाथरूमचा नळ सोडून, आईला आवाज जाऊ नये म्हणून.

पाऊलवाट (११.५८)
निळाई, मी पण नळ सोडते.
जेवले मावशी.

पाऊलवाट (शनिवार, दुपारी २.१५)
जाऊन आले. ठाण्याला दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवर उतरून तिथूनच ऑफिसातल्या मैत्रिणीला फोन केला. तिला बाबांचं माहीत होतं, बाकी काहीच नव्हतं. तिने कारण विचारलं नाही, म्हणाली, "लिही माझा नंबर. आणि लागला फोन तर मी रिक्षाने येईन, ट्रेनची वाट बघणार नाही." तिथल्या बाईंनी झिजलेला कागद बघून नवीन फॉर्म दिला. एकच विचारलं, ह्यांना माहीत आहे का तुम्ही नंबर दिलाय ते. हो म्हटलं. घरी फोन नको हे त्यांनी स्वतः वर लाल पेनाने लिहिलं.
पुढच्या शनिवारपासून दुसऱ्या ताई असणार आहेत. कासारवडवली, तुम्ही सांगितलं होतं म्हणून आधी विचारलं, आणि बाबांच्या शेवटच्या रात्रीचं आज बोलले नाही. ते त्यांच्यासाठी ठेवलंय.

घणसोली_पूर्व (२.५०)
मलाही नाव घालायचंय. उत्पन्नाचा दाखला मागितला का?

पाऊलवाट (३.०५)
नाही. फॉर्मवर पगार लिहायचा होता, कागद मागितला नाही. माझी फी १५० ठरली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते, पत्ता देते. पण आजच फोन करा, पाच आठवडे लागतात.